काँक्रीटवर पांघरलेली गोधडी

मैत्री आणि अनीश,

पार्सल उघडून गोधडी बाहेर काढाल तेव्हा आधी डांबरगोळ्यांचा वास येईल, नाकाशी अगदी जवळ धरलीत तर त्यामागून थोडा गुलाबाचा, आणि मग तिच्या एका कोपऱ्यावर तळहाताएवढा करडा, कडक डाग दिसेल. तो सिमेंटचा आहे. तो निघणार नाही, आणि तुमच्या आईला सांगा, काढायचा प्रयत्नही करू नकोस. तुम्ही मला ओळखता. टॉवेलांच्या घड्यासुद्धा एका मापाच्या नसल्या तर मला चैन पडत नाही. अशा आजीने डागाची गोधडी नातवंडांना का पाठवावी, हे सांगायला हवे. परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही तुमच्या दारासमोरचा ड्राइव्हवे फोडणारे यंत्र मला दाखवत होतात, बर्फाने आणि मिठाने त्याचे पापुद्रे सुटले म्हणून तो नवा करायचा आहे म्हणालात, आणि अनीशने विचारले, "आजी, तुमच्याकडे हा प्रॉब्लेम नाही ना? ओमान इज ऑल सँड!" मी नुसती हसले. फोनवर एवढे सगळे सांगता येत नाही. म्हणून गोधडीबरोबर ही पाने. मराठी वाचताना अडलात तर बाबाला विचारा; तो अडला तर मला फोन करा.

ओमान म्हणजे वाळू, असे मलाही पुष्कळ वर्षे वाटत होते. तुमचे आजोबा इथे इमारतींचे इंजिनियर होते आणि मी मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस भागातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. घर अल हैलला, समुद्राजवळ, जिथे संध्याकाळची हवा ओल्या पंच्यासारखी अंगाला चिकटते आणि थंडी म्हणजे पंखा बंद करण्याचे महिने. मग आजोबा निवृत्त झाले, आणि मनीषा आत्याची बदली जबल अख्दरच्या रुग्णालयात झाली म्हणून आम्ही दोघेही तिच्याबरोबर वर डोंगरावर राहायला आलो. त्या पहिल्या हिवाळ्यातली एक सकाळ आठवते. प्रकाश इतका स्वच्छ की दरीपलीकडच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांतले एकेक डाळिंबाचे निष्पर्ण झाड मोजता यावे, हवेत जळत्या लाकडाचा वास, आणि अंगणात ठेवलेल्या बादलीत पाण्यावर काचेसारखी एक चकती. मी ती उचलून सूर्यासमोर धरली. निवृत्त मास्तरणीने असे करू नये, पण केले.

तीच थंडी पुढच्या वर्षी आमच्यावर उलटली. फाटकापासून दारापर्यंत चढत येणारा आमचा काँक्रीटचा रस्ता जुना होता. त्याच्या भेगांत पाणी शिरे, रात्री गोठून फुगे, आणि सकाळी वरचे पापुद्रे सुटे झालेले असत. आजोबा रोज पहाटे त्या उतारावरून खाली जाऊन गुलाबांची शेते बघून येत. एका गारठलेल्या सकाळी सुट्या पापुद्र्यावर त्यांचा पाय गेला आणि खुब्याचे हाड मोडले. मस्कतला ऑपरेशन झाले, हाड व्यवस्थित जुळले, पण घरी आल्यावर ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले ते बसलेच. वॉकर भिंतीशी उभा असे, माझ्या ओल्या ओढण्या वाळत घालायला बरा. "उद्या बघू," एवढेच ते म्हणत, आणि बाहेर बघत नसत. खिडकीजवळ बसूनही बघत नसत.

शेवटी मनीषा एक दिवस ड्युटीवरून आली आणि स्टेथोस्कोपही न काढता म्हणाली, "बाबा, हा रस्ता गुलाब फुलायच्या आत नवा झाला आणि तुम्ही त्यावरून चाललात तर ठीक. नाहीतर आपण अल हैलला फ्लॅट घेतोय. लिफ्टचा. मग बसा समुद्राकडे पाठ करून." तिचे बरोबर होते, तीच अडचण होती. लिफ्टमधून खाली नेलेला हा माणूस पुन्हा कधी आपणहून पाऊल टाकणार नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होते.

घरमालक सालेम भला माणूस, फक्त प्रत्येक गोष्टीला त्याचे उत्तर एकच: इन्शाल्ला. तरी फेब्रुवारीच्या शेवटी त्याने मिस्त्री पाठवला. गुलजमान हा स्वातकडचा पठाण, आवाज असा की दरीपलीकडच्या शेळ्या माना वळवत. जुना रस्ता फुटू लागला आणि त्या दणक्यांनी आजोबांची खुर्ची इंचभर खिडकीकडे सरकली. खडी दाबून बसवली, कडेला फळ्या लागल्या, आणि खिडकीतून सूचना सुटू लागल्या: उतार दाराकडून फाटकाकडेच हवा, पाणी कुठे थांबता कामा नये, मध्येमध्ये सांध्यांच्या फटी ठेवा, आणि मिश्रणात ते हवेचे केमिकल घातल्याशिवाय ओतायचे नाही. हे केमिकल काँक्रीटमध्ये डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे तयार करते. पुढे आत शिरलेले पाणी गोठून फुगले की त्याला पसरायला त्या रिकाम्या जागा मिळतात, आणि दगड फुटत नाही. सालेम हसला. ओमानमध्ये बर्फाचे औषध? गुलजमान मात्र मालकाला म्हणाला, "हमारे गाँव में भी जमता है, अर्बाब. बडे साहब सही बोलते हैं." त्या रात्री जेवताना आजोबांनी आपणहून दुसरी भाकरी मागितली.

काँक्रीट ओतले त्या दिवशी सकाळी ऊन छान होते. दुपारपर्यंत गुलजमानच्या माणसांनी उतार घोटून, पाय घसरू नये म्हणून त्यावर आडवा झाडू फिरवला, आणि ओल्या सिमेंटचा तो गार, मातीसारखा पण मातीचा नसलेला वास घरभर पसरला. मग वारा फिरला. डोंगरावर थंडी येते ती अशीच, ओळख न देता. रात्री गोठणार हे दिसत होते, आणि ताजे काँक्रीट पहिल्या रात्री गोठले तर ते आयुष्यभर भुसभुशीत राहते, फोडून टाकावे लागते. त्यावर घालायची जाड पांघरुणे डोंगराखालच्या निझवाहून सालेमच्या पिकअपमधून यायची होती. ऊन उतरताना त्याचा फोन आला: गाडी घाटाच्या पायथ्याशी बंद पडली आहे, "बुकरा, इन्शाल्ला." म्हणजे उद्या.

गुलजमानने फोन खिशात टाकला. "बुकरा! काँक्रीट को बोलो, बुकरा जमना." त्याच्याजवळ प्लास्टिक होते, तेही पुरेसे नाही, आणि थोडे गोणपाट. घरातली ब्लँकेटे, सतरंज्या, मनीषाचा रुग्णालयातला जुना ओव्हरकोट, सगळे बाहेर गेले, तरी दाराजवळचा वरचा भाग उघडाच होता. तेव्हा खिडकीतून आवाज आला.

"अगं, गोधड्या आण."

कोणत्या, हे मी विचारले नाही. माझ्याजवळ माझ्या आईने शिवलेल्या चार गोधड्या होत्या, कपाटात सगळ्यांत वरच्या फळीवर, सुती चादरीत बांधलेल्या. त्यांतल्या दोन तुमच्यासाठी वेगळ्या काढलेल्या, तुमच्या नावांच्या चिठ्ठ्या टाचून. माझ्या आईने तरुणपणी इमारतींवर घमेली वाहिली. तिच्या डोक्यावरून गेलेल्या गिलाव्याच्या बळावर मी इंग्रजी शिकले. तिची विटलेली लुगडी, वडिलांची धोतरे, माझा एक शाळेचा झगा, सगळे त्या गोधड्यांत एकमेकांवर आहे, आणि वरून तिचा धावदोरा, शेताच्या तासांसारखा, जवळजवळ सरळ. जवळजवळ म्हणते, कारण दिवसभर घमेली वाहिलेला हात संध्याकाळी दिव्यापाशी थोडा हलायचा.

"अहो, त्या मुलांच्या आहेत," मी म्हटले.

"मुलांनाच पाठवायच्या आहेत ना? मग रस्ता नको का, ती येतील तेव्हा?"

गुलजमानने बोटाने काँक्रीट दाबून पाहिले आणि मान हलवली. "साहब, अभी नरम है. निशान पडेगा." खोळंबलो तर गोठणार, झाकले तर उमटणार. आजोबांनी काठीने खिडकीची काच ठोठावली. "पडने दो! झाको!" ते पडल्यापासून इतका मोठा आवाज मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

काँक्रीटवर पाऊल टाकता येत नाही. म्हणून एका बाजूला मी आणि मनीषा, दुसऱ्या बाजूला गुलजमान आणि त्याचा एक माणूस, असे चौघांनी एकेका गोधडीची टोके धरून ती ताणली आणि हळूहळू खाली सोडली, झोपलेल्या मुलावर घालतात तशी. "आस्ते, बहनजी, आस्ते," असे तो पठाण कुजबुजत होता. त्याला कुजबुजता येते हे तेव्हा कळले. पायरीजवळ प्लास्टिक संपले, तिथे गोधड्या सरळ ओल्या सिमेंटवरच टेकल्या. कडांना दगड ठेवले. मी वळले, तर दारात तुमचे आजोबा उभे होते. वॉकर धरून, खुर्चीपासून उंबऱ्यापर्यंत एकटे आलेले. "तो डावीकडचा दगड नीट बसलेला नाही," ते म्हणाले. मनीषाने जाऊन दगड नीट केला.

सकाळी बादलीत बर्फाची चकती होती, आणि गोधड्यांवर पांढरे दव गोठून आईच्या लुगड्यांचे काठ साखरेत घोळल्यासारखे दिसत होते. गुलजमानने एका गोधडीचे टोक उचलून आत हात घातला आणि ओरडला, "गरम है! बडे साहब, गरम है!" आजोबा पायरीशी आले, मनीषाच्या खांद्यावर भार देऊन वाकले, आणि त्यांनीही तळहात आत घातला. बराच वेळ तसाच ठेवला. काँक्रीट घट्ट होताना स्वतःची ऊब तयार करते, हे त्यांनी जन्मभर लोकांना शिकवले होते. पण मला वाटते, ती ऊब अशी हाताने अनुभवली त्या दिवशीच. गोधडीत स्वतःची ऊब नसतेच, बाळांनो. आतल्याची बाहेर जाऊ देत नाही, एवढेच तिचे काम.

काही दिवसांनी पांघरुणे काढली तेव्हा पायरीजवळच्या कोपऱ्यात आईचे टाके उमटलेले दिसले: बारीक, उथळ, जवळजवळ सरळ ओळी. सालेम आला, त्याने वाकून पाहिले, आणि घासून सपाट करून देऊ का विचारले. आजोबा म्हणाले, खलास, असेच राहू दे. त्या ओळींवर त्यांची काठी घसरत नाही, असा त्यांचा दावा आहे. इंजिनियर माणूस, त्याला कारण लागते.

आता गुलाब फुलले आहेत. पहाटे फुले खुडणाऱ्यांची बोलणी वर ऐकू येतात, गुलाबपाण्याच्या भट्ट्यांचा धूर आणि गोड वास अंगणात वाळणाऱ्या तुमच्या गोधडीतही शिरला असेल. आजोबा काठी घेऊन फाटकापर्यंत जातात, तिथे टेकतात, शेताकडे बघतात, आणि परत येतात. फाटकाबाहेर अजून गेले नाहीत, आणि अल हैलच्या फ्लॅटचे मनीषाने पुन्हा काढलेले नाही. हा रस्ता पुढचे हिवाळे कसे काढेल ते हिवाळेच सांगतील. तुमच्याकडे काँक्रीट ओततील तेव्हा थंडी असेल तर त्यावर काहीतरी जाड पांघरतील. ते बघा, आणि एकदा आत हात घालू देतात का विचारा.

चारांतल्या दोन गोधड्या सिमेंटने इतक्या कडक झाल्या की त्यांची पायपुसणी झाली. एक माझ्याजवळ आहे. एक तुमच्याकडे येते आहे, दोघांत मिळून. आणि आमच्या पायरीजवळ, दगडात, माझ्या आईचे टाके आहेत.