जुन्या फाटकावरची पाटी

मोसंबीचं पान बोटांत चुरगळलं की मला भावाच्या हसनाबादच्या रोपवाटिकेचे ते अकरा दिवस आठवतात. रोपवाटिका थोरल्या भावाची, तिची वेबसाइट सांभाळायचो मी. तिच्या चौसष्ट पानांचे पत्ते मला वेडेवाकडे वाटायचे, म्हणून एका रविवारी मी ते सगळे बदलून नीटनेटके केले आणि जुने पुसून टाकले. नेमका लागवडीचा हंगाम होता. गुरुवारी भावाचा फोन आला, "काय करून ठेवलं रे? चार दिस झाले, एक गिऱ्हाईक न्हाई. रोपं पिशवीतच वाढून राह्यली." शोधून पाहिलं, तर सर्च इंजिन अजून जुनेच पत्ते दाखवत होतं आणि तिथं गेलेल्या माणसाला 'पान सापडत नाही' एवढंच दिसत होतं. मी चूक कबूल केली. भाऊ म्हणाला, "आपण रोपवाटिका रोडकडं आणली, तवा जुन्या फाटकावर पाटी लावल्ती. तू लावली का?" "लावतो. सगळ्यांना पहिल्या पानावर पाठवतो." "मंग लिंबाचं रोप मागणाऱ्यानं तिथून हिंडत बसावं का? त्याला बराबर लिंबापाशी पोचव." मी वही घेऊन प्रत्येक जुन्या पत्त्यासमोर नवा लिहिला, जुन्यावर येणारा आपोआप नव्यावर पोचेल असे चौसष्टच्या चौसष्ट वळवले आणि नव्या पत्त्यांची यादी सर्च इंजिनला कळवली. अकराव्या दिवशी भाऊ फोनवर ओरडला, "बस कर आता, लोकं जेवू देईनात!" जुन्या फाटकाकडे हल्ली कुणी फिरकत नाही, तरी भाऊ ती पाटी काढत नाही, आणि मीही त्या चौसष्टांपैकी एकाचंही वळण अजून काढलेलं नाही.