माझ्या दाराला त्याचं कुलूप

माझा पुतण्या स्वतःला लेबर कॉन्ट्रॅक्टर म्हणवतो. धंदा एवढाच, की दुसऱ्यांनी बारा-बारा तास मशीनपुढं उभं राहायचं आणि यानं पांढरे बूट घालून कंपनीच्या गेटवर मिरवायचं. एमआयडीसीत जमीन गेल्यावर महाळुंग्यात आमची थोडी जागा उरली, तिथं मी खोल्या बांधल्या. त्याचे कामगार तिथं राहतात. भाडं ते भरतात, पण मालकासारखा वावरतो हा.

परभणीकडचं एक जोडपं नवऱ्याच्या भावाच्या लग्नाला गावी निघालं. सगळेच ठेवतात तशी खोलीची किल्ली माझ्याकडे ठेवली. निघताना नवऱ्यानं पुतण्याला सांगितलं, की परत आल्यावर जवळच्या चिखलीतल्या वर्कशॉपात लागणार, तिथं आठ तासांची ड्युटी आहे. पुतण्यानं हसून मान डोलावली. तो असा हसला की त्याच्या डोक्यात काहीतरी घाण शिजत असते.

ते गेल्यावर तो किल्ली मागायला आला. मी दिली नाही. मग त्यानं त्यांच्या कुलपाशेजारी आपलं कुलूप घातलं आणि सगळ्या चाळीला ऐकवलं, की पुन्हा माझ्याकडे कामाला लागले तरच सामान मिळेल.

दोघं परतले ते पिशव्या घेऊन दारातच उभे. आत गॅस, अंथरूण आणि बाईचं शिलाई मशीन. शेजाऱ्यांनी आपापली दारं लोटून घेतली.

नवरा म्हणाला, "जाऊ द्या मावशी. करतो त्याच्याकडंच. सामान तरी मिळंल."

बायकोनं हातातली पिशवी खाली आपटली. मला पुतण्याचा आला होता तेवढाच राग याचाही आला.

खोल्या लहान, म्हणून माझी दारं बाहेर उघडतात आणि बिजागऱ्या बाहेरच्या अंगाला आहेत. मी पाना-पेचकस आणला, त्यांच्या कुलपाची किल्ली नवऱ्याच्या हातात दिली आणि त्याला बिजागऱ्यांचे स्क्रू काढायला बसवलं. दार उलट्या बाजूनं, बिजागऱ्यांकडून उघडलं. पुतण्याचं कुलूप कडीला तसंच राहिलं. अंधार पडायच्या आत त्यांचं सामान भरून टेम्पो चिखलीकडे गेला.

दुसऱ्या दिवशी पुतण्या उगवला. "काकू, कुलूप कुणी तोडलं?"

"बघ की. जसंच्या तसं हाय. दार माझं व्हतं, ते मी काढलं. आता तुझं कुलूप काढ, मला दार बसवायचंय."

रिकाम्या खोलीपुढं, सगळ्यांदेखत, त्यानं खिशातून किल्ली काढली आणि स्वतःचं कुलूप स्वतः उघडून नेलं. तेव्हापासून तो माझ्याकडे भाडेकरू पाठवत नाही. दोन खोल्या ओस आहेत. असू देत.

यंदा गावी जाणारे किल्ल्या देताना हसत विचारत होते, "मावशी, बिजागऱ्या घट्ट हायेत न्हवं?" हसायला बरं जमतं यांना. त्या दिवशी दार धरायला यांच्यातला एकही बाहेर आला नव्हता.