आक्कानं सांगितलेला हळू बॉल

त्या सकाळी मी उचगावहून कोल्हापूरला आले होते. नव्वदच्या दशकाचा शेवट, मी कॉलेजात... आणि त्या दिवशी विद्यापीठाच्या टेबल टेनिस टीमची निवड होती. वडिलांनी, आप्पांनी, निघताना बजावलं होतं, "यंदा निवड झाली तर खेळ, न्हाईतर बास."

शेवटची मॅच पडली इचलकरंजीच्या एका मुलीशी. जिंकले तरच टीममध्ये. तिच्या बॅटला लांब दाण्यांचं रबर होतं... मी जितक्या जोरात मारावं, तितका बॉल कट होऊन, म्हणजे उलटा फिरत, परत यायचा आणि माझा पुढचा फटका थेट जाळीत. ती चिडत नव्हती, हसत नव्हती. नुसती सगळं परत पाठवत होती.

पहिला गेम गेला. दुसरा कसाबसा मिळाला, तोही तिच्या चुकांमुळे. तळहाताचा घाम सारखा स्कर्टला पुसत होते.

तिसऱ्या, शेवटच्या गेमआधी आक्का, माझी मोठी बहीण, जवळ आली. लग्नाआधी तीही खेळायची... अशाच एका निवडीत हरली आणि तिचा खेळ तिथंच थांबला. त्यावर ती कधी बोलायची नाही.

"मारत सुटू नगंस," ती म्हणाली. "तुझाच जोर ती वापरतीया. जाळीजवळ एक हळू टाक. ती पुढं वाकली की लगेच लांब, अंगावर दे. बॉल वर येतोयच बघ. मग मार की!"

हळू टाकायचीच तर भीती होती... जरा उंच गेला तर तीच मारणार. पण टाकला. ती पुढं आली. पुढचा बॉल तिच्या कोपरावर गेला, तिला हात काढायला जागाच मिळेना. आणि परत आला तो उंच, अगदी माझ्यासमोर...

तरी वीस-वीस झालंच, आता सलग दोन पॉइंट हवे होते. हळू, लांब, मग स्मॅश... दोनदा तेच केलं आणि मॅच संपली.

वळून बघितलं तर आक्का नाही. बाहेर गेले, तर ती जिन्यात भिंतीकडं तोंड करून उभी.

"काय झालं गं?" तिनं मागं न बघताच विचारलं.

"जिंकलो की आक्का!"

ती तिथंच पायरीवर बसली आणि रडायला लागली.

इतका वेळ मला वाटत होतं, भीती माझ्या एकटीलाच आहे... आक्का माझ्यापेक्षा जास्त घाबरली होती, आणि तरी माझ्याशी बोलताना तिचा आवाज जराही कापला नव्हता.