इमान उडालं

प्राचार्यांनी एकदा भर सभेत गावंडे सरांना विचारलं, की आमचे चिरंजीव पदार्थविज्ञानात पास होतील ना? सर म्हणाले, "नाई होत." पुढे एक अक्षर नाही. नांदगाव खंडेश्वरकडच्या शेतकरी घरातला हा माणूस. त्या घरात शब्दाला साखर लावायची पद्धतच नव्हती. अमरावतीच्या कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवत, मी रसायन. मला ते बापू म्हणत. पुण्याहून आलेले आमचे गणिताचे प्राध्यापक तर त्यांच्या बोलण्याला घाबरून पहिलं वर्षभर त्यांच्याशी बोललेच नाहीत.

गंमत अशी, की इंग्रजीत हाच माणूस लोण्यासारखा मऊ होई. नागपूरला ज्या म्हाताऱ्या साहेबाच्या हाताखाली ते शिकले, त्याने बजावलं होतं, की शास्त्रज्ञाने कधी ठाम बोलू नये. सरांच्या प्रत्येक इंग्रजी वाक्यात 'कदाचित' आणि 'असे म्हणता येईल' हटकून यायचं. आम्ही त्यावरून त्यांना चिडवत असू आणि तेही हसत.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अकोल्याजवळ धावपट्टी झाली. हवाई दलाला हवामानाबद्दल सल्ला देणारा शास्त्रज्ञ हवा होता, म्हणून सरांना बोलावणं आलं. अकोल्याच्या बाजारात लोकांनी एव्हाना विमानाचं इमान करून टाकलं होतं. इमान आलं, इमान उडालं, असं जो तो म्हणे, आणि सरही तसंच म्हणत. तिथे त्यांनी एक गोष्ट हेरली. वऱ्हाडातल्या उन्हाळी दुपारी हवा इतकी विरळ होते, की सामानाने भरलेलं विमान नेहमीच्या धावेत उचललं जात नाही. मला समजावताना ते म्हणाले, "तापल्या हवेत पंखाले टेकू भेटत नाई, बापू."

मे महिन्यात एका दुपारी तळाच्या गोऱ्या प्रमुखाने त्यांना विचारलं, की हे भरलेलं विमान आत्ता सोडलं तर चालेल ना? सर इंग्रजीत उत्तरले, की शक्य असल्यास संध्याकाळपर्यंत थांबणे कदाचित अधिक श्रेयस्कर ठरावे. साहेबाने आभार मानले आणि विमान सोडलं. पट्टीच्या टोकाला ते जेमतेम उचललं गेलं आणि पलीकडच्या वावरात कोसळून जळालं. आतलं कोणीही वाचलं नाही. चौकशीत साहेबाने सांगितलं, की शास्त्रज्ञांनी 'नको' असं म्हटलंच नव्हतं. आणि ते खरं होतं.

त्या रविवारी सर अमरावतीला आले ते थेट माझ्या घरी. दिलेलं पाणीही त्यांनी घेतलं नाही. "त्यानं आपल्या बोलीत इचारलं असतं, त मी म्हनलं असतं, उडू नोको, मरशीन," ते म्हणाले. "इंग्रजीत मले 'नाई' म्हनताच आलं नाई." मला संताप आला होता, पण सरांचा नव्हे. विमान सोडणाऱ्याने हात झटकायचे आणि खापर सल्ला देणाऱ्यावर फोडायचं, अशी त्या साहेबांची रीत होती. सरांना मात्र ते पटलं नाही. त्या माणसांना आपल्या गोड इंग्रजीने मारलं, असंच ते धरून बसले.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तशीच दुपार आली. साहेब नवा, प्रश्न तोच. या वेळी सर इंग्रजीतही आडपडदा न ठेवता म्हणाले, की नाही, सोडू नका, पडेल. साहेब हसला आणि विमान सोडलं. ते पट्टीच्या टोकाशी पोचत असतानाच समोरून वाऱ्याचा जोरदार झोत आला, पंखांना टेकू मिळाला आणि विमान बाभळीचे शेंडे घासून वर चढलं. संध्याकाळी ते सुखरूप परतलं. तो झोत सरांखेरीज कोणाच्या ध्यानात आला नव्हता. त्यांनी सांगून पाहिलं, तेव्हा साहेबाने त्यांची पाठ थोपटली आणि घाबरट प्रोफेसर म्हणून त्यांची तळभर टिंगल झाली. त्यानंतर त्यांना कोणी काही विचारेना. आठवडाभरात आभार मानून त्यांना कॉलेजात परत पाठवलं.

निदान या खेपेला पोरं तरी वाचली, असं मी त्यांना म्हटलं. "वाचली ते चांगलंच झालं," ते म्हणाले. "पन मऊ बोललो तवाही इमान उडालं, कडक बोललो तवाही उडालंच. मंग मले तिथं बसवलं काहून होतं?"

त्याच उन्हाळ्यात अकोल्याला, त्याच वावरात, दुसरं भरलेलं विमान पडलं. बातमी मीच त्यांना वर्गात जाऊन सांगितली. पोरं निघून गेली होती आणि सर फळा पुसत होते. दुपारीच ना, एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो.

"बरं झालं, मले इचारलं नोतं," ते म्हणाले. मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी तोंड फळ्याकडे फिरवलं, ते मी वर्गाबाहेर पडेपर्यंत वळवलं नाही.