सहा मिनिटं मागे पडलेला सोनेरी काटा

आल्वा पेटेंगिल भित्रा होता, आणि हे मी त्याच्या तोंडावर म्हणत असे. मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या वीजघरात तो दहा वर्षं एका घड्याळासमोर बसला. त्या घड्याळाला मिनिटांचे दोन काटे. काळा काटा लंबकावर चाले, ती खरी वेळ. सोनेरी चाले आम्ही तयार केलेल्या विजेवर. पाणचक्क्या मंदावल्या की सोनेरी मागे पडे, आणि त्याच्याबरोबर गावातलं प्रत्येक विजेचं घड्याळसुद्धा. दोन्ही काटे जुळवून ठेवणं, एवढंच आल्वाचं काम. दिवसा पडलेली तूट आम्ही रात्री चक्क्या जरा पळवून भरून काढायचो. गावाला पत्ताही लागत नसे.

सत्तावीस सालच्या जानेवारीत नदीचं बर्फ चक्क्यांच्या तोंडाशी तुंबलं. सव्वापाचला सोनेरी काटा सहा मिनिटं मागे होता.

"रात्री भरून काढू," मी म्हणालो. "तू का तोंड पाडून बसलायस?"

एवढ्या थंडीत आल्वाला घाम फुटला होता. "लुसियन, गिरणीचा भोंगा विजेच्या घड्याळावर वाजतो."

"मग? पोरींना सहा मिनिटं फुकट राबवतील. मालकाची चंगळ!"

"आणि मालगाडी?"

आत्ता माझ्या ध्यानात आलं. साडेपाचचा भोंगा झाला की गिरणीतल्या पोरी लांबचा रस्ता टाळून रेल्वेच्या पुलावरून घरी जात, पावणेसहाच्या मालगाडीच्या आधी. गाडीवाल्यांची घड्याळं चावीची. त्यांना आमच्या बर्फाशी काय देणंघेणं? भोंगा सहा मिनिटं उशिरा झाला, तर पोरी ऐन पुलावर असणार. त्यांत आल्वाची मुलगी आयडेला होती, बिनआईची, एकुलती एक.

पुलापर्यंत जायचं तर बर्फातून अर्ध्या तासाची वाट. आल्वाने गिरणीत फोन लावला. मुकादमाचं हसणं मला लांबून ऐकू आलं. "अहो पेटेंगिल, हे घड्याळ कधी चुकत नाही म्हणून तुम्हीच ना आमच्या गळ्यात मारलंत?" मुकादमाने फोन आपटला. मग आल्वाने स्टेशनात विचारलं, तर मालगाडी मागच्या स्टेशनातून सुटलेली.

आल्वा उठला आणि त्याने गिरणीच्या लाइनच्या स्विचला हात घातला.

"अरे, नोकरी जाईल!" मी त्याचं मनगट धरलं. खोटं कशाला बोलू, मी माझ्याच नोकरीला घाबरलो होतो.

"सोड." त्याचे दात वाजत होते. "वीज गेली की त्यांचं घड्याळ थांबेल, आणि भोंगा झाल्याशिवाय ते दार उघडत नाहीत."

मी सोडलं. त्याने स्विच ओढला आणि खिडकीतून दिसणारी गिरणी काळीठिक्कर पडली. फोन खणखणू लागला, तो आम्ही उचललाच नाही. दोघंही काळ्या काट्याकडे बघत बसलो. दारं खरंच बंद असतील का? एखादी पोर मागच्या बाजूने निसटली असेल तर? पावणेसहाला पुलावर खडखडाट सुरू झाला. शेवटचा डबा जाईपर्यंत आल्वा मूठ दातांत धरून उभा होता. मग त्याने स्विच परत लावला.

त्याच्या अंगावर कोट चढवून मीच त्याला घरी नेलं. आयडेला चुलीवरचे घेवडे ढवळत होती, फणकाऱ्यात.

"बाबा, तुमच्या वीजघरात कुठलं गाढव बसतं हो? वीस मिनिटं अंधारात कोंडून ठेवलं आम्हाला! भीतीने जीव गेला माझा."

"उद्यापासून नाही बसणार तो," आल्वा म्हणाला, आणि तिचा हात काही केल्या सोडेना.