ज्योतिबाची शेवटची ऑर्डर

मेसोपोटेमियाच्या लढाईहून परतल्यावर आमची कंपनी सोलापुरात होती. सकाळी पीटी, मग परेड, दुपारी रायफली पुसायच्या. परेडवर लान्स नाईक ज्योतिबाचा आवाज घुमायचा.

"घरी च्या बी ऑर्डर देऊनच मागतो का रं?" मी चिडवायचो.

"व्हय. पर बायकू ऐकत न्हाय की!"

ज्योतिबा नातेपुत्याकडच्या एका पाटलाचा दत्तक मुलगा. तो आठ वर्षांचा असताना दत्तक आला आणि दोनच वर्षांनी पाटलाला पोटचा मुलगा झाला, सर्जेराव. पाटील वारले आणि पाटीलकीवरून गावात उभी फूट पडली. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, वेशीत पानांचं तोरण बांधतात, त्याला कर म्हणतात. ती तोडायचा मान पाटलाच्या बैलाचा. यंदा ज्याचा बैल कर तोडेल तोच पाटील, असं दोन्ही बाजूंनी धरून कुऱ्हाडींना धार लावली. ज्योतिबा रजेवर गेला आणि बंदोबस्ताला नेमका आमचाच सेक्शन निघाला.

हवालदारांनी बजावलं, "बगैर हुकूम फायर नहीं."

वेशीपाशी ज्योतिबा भेटला.

"मला नगं पाटीलकी. सर्जाला खांद्यावर खेळवलाय मी. त्याचाच बैल फुडं जाईल."

"त्याला सांगितलंस?"

"सांगतो की आता, समद्या गावाफुडं."

माझा जीव भांड्यात पडला.

दिवस कलताना दोन्ही बैल वेशीसमोर आले. ज्योतिबानं आपल्या बैलाची वेसण मागं ओढली, सर्जेरावाच्या माणसांकडे हात केला आणि ओरडला, "तोडा!"

कर तोडा, एवढंच त्याला म्हणायचं होतं. पण आवाज निघाला तो परेडवरचा. सर्जेरावाच्या माणसांना वाटलं, यानं आपल्याला कापायची ऑर्डर दिली. पहिली कुऱ्हाड ज्योतिबावरच पडली. मग ज्योतिबाची माणसं सर्जेरावावर धावली.

"हवा में फायर!" हवालदार ओरडले.

आम्ही फायर केलं. गर्दी पांगली तेव्हा दोघे भाऊ वेशीत पडले होते. ज्योतिबा संपला होता. सर्जेरावात धुगधुगी होती.

"दादा काय म्हनला?" त्यानं विचारलं.

"तुजाच बैल फुडं, म्हनला," मी सांगितलं.

त्यानं ज्योतिबाकडे मान वळवली. ती पुन्हा हलली नाही. गोळ्यांच्या आवाजानं बुजलेला त्याचा बैल केव्हाच कर तोडून गावात शिरला होता.

लढाईत पडलेल्या आमच्या जवानांची नावं दगडावर कोरली आहेत. ज्योतिबा रजेवर मेला, त्याचं नाव कुठंच नाही. म्हणून इथं लिहितो. बेंदराच्या दिवशी मी घराबाहेर पडत नाही. तरी दिवस कलला की तो आवाज येतो, आणि माझ्या टाचा आपसूक जुळतात.