एकाच पायाच्या सहा नोंदी

चामोर्शी तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी औषधं द्यायच्या कामावर रुजू झाले, तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या घरात सरकारी नोकरीला लागलेली मी पहिलीच मुलगी. रजिस्टर नीटनेटकं ठेवण्याचा मला फार सोस होता. केंद्रात कारकुनाची जागा रिकामी होती, कुष्ठरोगाचं काम बघणाऱ्याचीही. त्यामुळे चिठ्ठी फाडणं माझ्याकडेच आलं होतं. नाव, गाव, वय मी लिहायची, मग पेशंट डॉक्टरांकडे जायचा आणि औषधासाठी परत माझ्याच खिडकीशी यायचा.

रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत जखमेवर लावायचं अँटिबायोटिक मलम आमच्याकडे पुरतच नसे. भाताच्या पाणी भरलेल्या बांध्यांत दिवसभर चिखलात उभं राहून बायकांच्या पायांना चिखल्या होत, बोटांच्या बेचक्या कुजत. लेकरांच्या अंगावर खरजेचे फोड असत. डॉक्टर माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठे होते, नुकतेच शिकून आलेले. सगळ्यांना ते तेच मलम लिहून देत, कारण लावायला दुसरं काही कपाटात नव्हतंच.

असं दोन पावसाळे चाललं. दुसऱ्याचा रोवणा अजून चालू होता, तेव्हा गडचिरोलीहून एक कागद आला. हे मलम कोणत्या वयाच्या रुग्णांना किती वेळा लिहून दिलं, त्याचा मागच्या वर्षभराचा तक्ता करून पाठवा, आणि पुढेही दर महिन्याला पाठवत राहा. एक वर्षाच्या आतली बाळं, पाच वर्षांपर्यंतची मुलं, असे रकाने पाडलेले. शेवटचा रकाना साठच्या पुढच्यांचा.

मला ते काम आवडलं होतं, हे कबूल करायला हवं. दुपारी गर्दी ओसरली की मी जुनी रजिस्टरं काढून बसायची आणि पेन्सिलीने उभ्या रेघा ओढायची. लेकरांचे रकाने भराभर भरत गेले. म्हाताऱ्यांचा जवळजवळ रिकामाच दिसत होता. म्हाताऱ्या माणसांना मलमाची फारशी गरज पडत नाही, असा एक निष्कर्षसुद्धा मी मनाशी काढून ठेवला.

तिसऱ्या की चौथ्या दुपारी एका ओळीपाशी माझी पेन्सिल थांबली. जवळच्याच एका गावची बाई, वय अठ्ठेचाळीस, डाव्या तळपायाला जखम, दुखणं नाही. हे आपण आधी वाचलंय असं वाटलं, म्हणून मागे गेले. तेच गाव, तेच नाव, वय साठ, डावा तळपाय. आणखी मागे, वय पंचावन्न. एके ठिकाणी पासष्ट. अशा सहा नोंदी सापडल्या. त्या नावाच्या बायका आमच्याकडे गावोगाव आहेत, त्यामुळे नावावरून कुणाला शंका आली नसती. पण सहा वेगवेगळ्या बायकांचे सहा डावे पाय न दुखता कसे चिघळतील?

आणि मग ती मला आठवली. सावळी, उंच, पांढरे झालेले केस घट्ट बांधलेली म्हातारी. खिडकीशी आली की हात जोडायची. मी वय विचारलं की हसून म्हणायची, "मले का माईत बाई? तुले वाटते थे लिही." मी मान वर करून बघायची आणि त्या दिवशी जे वाटेल ते लिहायची. गर्दीच्या दिवशी मान वरही करत नसे. तक्त्यात तिचा एकच पाय तीन रकान्यांत वाटला गेला होता.

मी रजिस्टर उचलून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एकेक नोंद वाचली. वय माझ्या अक्षरात होतं, 'दुखणं नाही' त्यांच्या. मग म्हणाले, "दुखत नाही म्हणाली की मला बरंच वाटायचं. म्हटलं, जखम भरत आली असेल."

त्यांनी शिपायाकडून निरोप पाठवला आणि दोन दिवसांनी ती आली, कपड्याची चिंधी बांधलेला पाय घेऊन. डॉक्टरांनी तिला बाकावर बसवून डोळे मिटायला सांगितलं. कापसाची वात करून पायाला लावली, मग टाचणीचं टोक टेकवलं.

"बाई, कुठी लागलं थे सांगा."

"लागून राह्यलं का? मले तं काईच नाई समजलं."

डोळे मिटून ती वाट पाहत बसली होती. टाचणी तिच्या करंगळीत टोचलेली मी पाहत होते. पाठीवर फिकट चट्टे होते, लुगड्याच्या पदराखाली, जे आमच्यापैकी कुणी कधी पाहिलेच नव्हते. तो महारोग होता. पायाची जाणीव केव्हाच गेली होती आणि काटे, खडे, शेताचे धुरे तुडवत ती त्याच पायावर दोन पावसाळे रोवणा करत होती.

डॉक्टरांनी तिला समजावलं, गोळ्यांनी रोग थांबेल, पण जखम हाडापर्यंत गेली आहे, गडचिरोलीच्या दवाखान्यात लगेच जायला हवं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळली.

"रोवणा सरला की जातो बाई. आता कशी जाऊ? तू मलम दे तवरिक."

मी म्हटलं, "मलमानं नाही होणार आता."

"आतापावतर तं देतच होती," ती म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. मी ट्यूब दिली. काही दिलं नाही तर ती परत येणारच नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

रोवणा सरल्यावरही ती आली नाही. मी तिच्या गावी गेले तेव्हा तिला ताप भरलेला होता, पाय घोट्यापर्यंत सुजलेला. घरात सून होती, कडेवर तान्हं मूल घेऊन. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मीच तिला एसटीने गडचिरोलीला नेलं. सगळ्या रस्त्यात तिने पाय पदराने झाकून ठेवला होता, वास येऊ नये म्हणून. तरी पुढच्या बाकावरची माणसं उठून मागे गेली. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

तिथल्या सर्जनने चिंधी सोडली आणि तो माझ्यावर संतापला. "इतके दिवस काय करत होता तुम्ही लोक?"

मी तोंड उघडायच्या आत म्हातारीच म्हणाली, "बाईले काऊन बोलता साहेब? बाईनं तं दर खेपेले औषध देल्लं."

त्यांनी तिचं अर्धं पाऊल कापून काढलं.

तक्ता मी पाठवला होता. खाली शेऱ्यात लिहिलं होतं, की प्रौढांच्या आणि वृद्धांच्या रकान्यांतल्या सहा नोंदी एकाच स्त्रीच्या आहेत, वयं अंदाजाने लिहिलेली आहेत, आणि तिला कुष्ठरोग निघाला आहे. महिन्याभराने उत्तर आलं. तक्त्यात शेरे लिहू नयेत, एकच रुग्ण वेगवेगळ्या वयोगटांत दाखवता येत नाही, दुरुस्त करून पाठवावा. मी कागद डॉक्टरांना दाखवला. त्यांनी विचारलं, "मग कोणत्या रकान्यात टाकणार तिला?" मला ठरवता येईना. शेवटी साठच्या पुढे सहा रेघा ओढल्या आणि तक्ता पाठवून दिला. त्यानंतर त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. मलम आधीइतकंच येत राहिलं आणि आधीसारखंच संपत राहिलं.

मी येणाऱ्या प्रत्येकाचा पाय बघायला लागले, पण ते किती दिवस जमणार? पुढच्या पावसाळ्यात खिडकीशी रांग लागली की परत मान खाली आणि हात चालू.

आलापल्लीला बदली झाली, तेव्हा जाण्याआधी तिला भेटायला गेले. ती शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसली होती, फाटक्या पोत्यावर, काठी बाजूला ठेवून. बांधीत उतरता येत नव्हतं, म्हणून परह्याच्या, भाताच्या रोपांच्या पेंढ्या बांधून बायकांकडे फेकत होती. मला बघून तिने हात जोडले. मी बदलीचं सांगितलं.

"दूर हाय का थे?"

"आहे थोडं."

तिने मान हलवली. पाऊल जिथे कापलं होतं, तिथे चिखल वाळला होता. तिला तो जाणवत नसणार. मी वाकून हाताने पुसायला गेले, तर तिने पाय मागे ओढून घेतला.

"राहू दे बाई, तुये हात भरतीन," ती म्हणाली, आणि पुढची पेंढी उचलली.